मिटवून टाकण्याआधी...



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही या विषयातले तज्ज्ञ नाही. आम्ही चौघं, म्हणजे दोन जोडपी, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. वय तिशीतलं, मुक्काम न्यू जर्सी. मंडळाच्या नाटकात पडद्यामागे धावपळ करणं आणि गणपतीत मोदकांचं काउंटर सांभाळणं ही आमची आजवरची समाजसेवा! मग हा लेख आम्ही का लिहितोय? तर आमच्या हातून एक चूक झाली म्हणून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटेल असे सगळे तपशील गाळून आणि जिची ही गोष्ट आहे तिच्या परवानगीने सांगतो आहोत. आमच्या ओळखीची एक मुलगी, लग्न होऊन दीडेक वर्ष झालेलं, एच-४ व्हिसावर आलेली. एका रात्री तिचा फोन आला. रडत होती. नवऱ्याने हात उचलला होता, आणि तो पहिल्यांदा नव्हता. आम्ही चौघं लगेच गाडी काढून गेलो. दोघांना सोफ्यावर समोरासमोर बसवलं आणि चहा केला. तिने फोनवर जे सांगितलं होतं, ते त्याच्यासमोरच बोलून दाखवलं, “अरे, असं वागतात का?” म्हणून त्याला दटावलं. तिलाही “तू पण जरा समजून घे, त्याला ऑफिसचं टेन्शन असतं” असं सांगितलं. भांड्याला भांडं लागतंच, वगैरे वगैरे. त्याने मान खाली घालून सॉरी म्हटलं. आम्ही रात्री एक वाजता घरी परतलो. एक संसार वाचवला, असं गाडीत एकमेकांना म्हणालोसुद्धा!

त्यानंतर तिचा फोन बंद झाला. मंडळाच्या कार्यक्रमांना ती दोघं येईनाशी झाली. पुढे बऱ्याच महिन्यांनी ती भेटली तेव्हा कळलं, की आमची पाठ फिरल्यावर पहिला प्रश्न आला होता, “घरातलं बाहेर का सांगितलंस?” आणि त्याची शिक्षाही लगेच मिळाली होती. आम्ही बग समजून न घेता पॅच मारून आलो होतो, आणि त्याची किंमत तिने मोजली.

पुढे ती दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेपर्यंत पोचली आणि हळूहळू सावरली. ती आम्हाला म्हणाली, “तुम्ही सगळे मला काय करायचं ते सांगत होता. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, तुला काय हवंय?” या एका वाक्यामुळे आम्ही हा विषय वाचायला, कार्यकर्त्यांशी बोलायला लागलो. त्यातून जे कळलं ते आपल्या सर्वांसमोर ठेवतो.

अशा संस्था सुरू कशा झाल्या?

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामाची अमेरिकेतली सुरुवात आपल्याच न्यू जर्सीत झाली. १९८५ मध्ये सहा भारतीय स्त्रियांनी एकत्र येऊन ‘मानवी’ ही संस्था काढली. शमिता दास दासगुप्ता या तिच्या संस्थापकांपैकी एक. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध काम करणारी अमेरिकेतली ही पहिली दक्षिण आशियाई संस्था मानली जाते. पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ आणि शिकागोत ‘अपना घर’ (१९८९), कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ (१९९१) आणि ‘नारिका’ (१९९२) या संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये तर ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ १९७९ पासून काम करते आहे. महाराष्ट्रातही साधारण त्याच सुमारास हालचाल सुरू होती. पुण्यात १९८२ मध्ये नारी समता मंच सुरू झाला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला.

कोणी विचारेल, अमेरिकेत शेल्टर्स होतीच की, मग वेगळी संस्था कशाला? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर सोपं आहे. तिथे आपली भाषा बोलणारं कोणी नाही, वरण-भात नाही. शिवाय सासू, दीर, नणंद मिळून छळ करू शकतात हे समोरच्याला पहिल्यापासून समजावून सांगायचं. “मग निघून जा ना” असा साधा सल्ला मिळतो, पण माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे, हे त्या सल्ल्यात बसत नाही. मार खाल्लेल्या बाईला आधी आपली अख्खी संस्कृती समजावून सांगायला लागू नये, म्हणून या संस्था निघाल्या.

या संस्था स्वतःला ‘स्त्रीवादी’ म्हणवतात. हा शब्द ऐकला की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. “या बायका घरं मोडतात” असंही आम्ही ऐकलंय (आणि खरं सांगायचं तर पूर्वी आम्हीही असं म्हटलंय). पण प्रत्यक्षात स्त्रीवादी पद्धत म्हणजे काय, तर निर्णय तिचा. तिला नवऱ्याकडे परत जायचं असेल तरी मदत मिळते, वेगळं व्हायचं असेल तरी मिळते, आणि अजून काहीच ठरलं नसेल तरीही मिळते. ज्या घरात सगळे निर्णय दुसऱ्यानेच घेतले, त्या घरातून आलेल्या बाईसाठी आणखी कोणीतरी निर्णय घ्यायचे नाहीत, हे यातलं मूळ तत्त्व आहे.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे

“मारतो का?” हा आपला पहिला प्रश्न असतो. “नाही” असं उत्तर आलं की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण या क्षेत्रातल्या कार्यकर्त्या वेगळ्या गोष्टी विचारतात. पासपोर्ट कोणाकडे आहे? घरखर्चाचे पैसे मागावे लागतात का? फोन कोण तपासतं? गाडी शिकू दिली का? माहेरी बोलताना स्पीकर चालू ठेवावा लागतो का? “परत पाठवून देईन” अशी धमकी मिळते का? मनाविरुद्ध शरीरसंबंध होतात का? हे सगळं एकत्र पाहिलं तर एक साखळी दिसते, आणि मारहाण ही त्या साखळीतली एक कडी असते. हेतू एकच, समोरच्या माणसाला पूर्ण ताब्यात ठेवणं.

“आपल्या सुशिक्षित लोकांत असं नसतं” असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २००२ मध्ये बोस्टन परिसरातल्या १६० दक्षिण आशियाई स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांनी सध्याच्या जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा नमुना रँडम नव्हता, त्यामुळे हाच आकडा सगळ्या समाजाला लावता येणार नाही. पण ‘आपल्यात नसतं’ हे वाक्य खोडून काढायला तो पुरेसा आहे.

व्हिसाची गाठ

आपल्यापैकी बहुतेकांनी व्हिसाच्या रांगेत वर्षं काढली आहेत. त्यामुळे हा भाग आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.

एच-४ हा व्हिसा पूर्णपणे नवऱ्याच्या एच-१बी वर अवलंबून असतो. त्याची नोकरी गेली की तिचा दर्जाही धोक्यात येतो, आणि घटस्फोट झाला की एच-४ संपतो. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी सर्वसाधारणपणे नवऱ्याचा आय-१४० मंजूर झालेला असावा लागतो. तोवर कमाई नाही, आणि स्वतःच्या नावावर क्रेडिट हिस्ट्रीही नाही. पुण्यात किंवा नाशिकला उत्तम नोकरी करणारी मुलगी इथे आल्यावर जोड्यांपासून फोनच्या बिलापर्यंत दुसऱ्याच्या हाताकडे बघते. नवरा चांगला असेल तर हे फक्त गैरसोयीचं असतं. नवरा वाईट असेल तर यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या हातातलं हत्यार होते.

कायद्याने यावर हळूहळू वाटा काढल्या आहेत.

१. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट’प्रमाणे (याला सगळे ‘वावा’ म्हणतात) छळ झालेली पत्नी त्याला न सांगता स्वतःचा अर्ज करू शकते.

२. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी ग्रीन कार्ड मिळालं, तर ते दोन वर्षांसाठी सशर्त असतं. अट काढण्याचा अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो. पण १९९० च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदाराला एकट्याने अर्ज करायची सवलत दिली आहे.

३. नवरा एच-१बी वर असेल तर वावाचा तो स्वतंत्र अर्ज चालत नाही. २००६ च्या जानेवारीत सही झालेल्या कायद्यात अशा स्त्रियांना कामाच्या परवान्याची तरतूद झाली. मात्र त्याचा फॉर्म यायला २०१७ साल उजाडलं! म्हणजे कायदा कागदावर आला तरी अकरा वर्षं त्याचा उपयोग करता येत नव्हता. आपण एखाद्या रिलीजला दोन आठवडे उशीर झाला तर केवढी आरडाओरड करतो!

४. यू व्हिसा. हा २००० च्या कायद्याने आला. काही गंभीर गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या व्यक्तींना तो मिळू शकतो. नवऱ्याचा व्हिसा कुठलाही असो, त्याने फरक पडत नाही. पण वर्षाला फक्त १०,००० मुख्य अर्जदारांची मर्यादा आहे, त्यामुळे वाट वर्षानुवर्षं पाहावी लागते.

हा कायदेशीर सल्ला नव्हे. प्रत्येकीची केस वेगळी, आणि नियमही बदलत असतात. म्हणूनच इमिग्रेशन आणि कौटुंबिक कायदा दोन्ही कळणारा वकील गाठून देणं हे या संस्थांचं एक मोठं काम आहे. सांगायचा मुद्दा इतकाच, की “तुला डिपोर्ट करवीन” ही धमकी ऐकून गप्प बसण्याआधी माहितगार माणसाला विचारावं.

फोन केल्यावर काय होतं?

पलीकडून प्रशिक्षित कार्यकर्ती बोलते. तिला ‘ॲडव्होकेट’ म्हणतात, पण इथे त्याचा अर्थ वकील नव्हे, तर तिच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती. पहिला प्रश्न असतो, “आत्ता बोलणं सुरक्षित आहे का?” पोलिसांकडे जाच, घर सोडच, अशी सक्ती नसते. गुप्तता कडक असते. वावाखाली सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना तिची माहिती तिच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही, मग विचारणारा नवरा असो, मंडळाचा अध्यक्ष असो की तिचे सख्खे वडील.

मग सुरक्षेची आखणी होते. भांडण वाढलं तर कुठल्या खोलीत जायचं नाही (स्वयंपाकघर, बाथरूम), कागदपत्रांच्या प्रती कुठे ठेवायच्या, कुठल्या शेजारणीला खूण सांगून ठेवायची, मुलांना काय शिकवायचं. ही आखणी फार महत्त्वाची, कारण घर सोडण्याचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. “इतकं होतं तर निघून का नाही गेली?” असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

न्यू जर्सीत रिस्ट्रेनिंग ऑर्डर मागायला फी लागत नाही. कोर्ट बंद असेल तर रात्री किंवा वीकेंडला पोलिसांमार्फत अर्ज करता येतो. आधी तात्पुरता आदेश मिळतो आणि साधारण दहा दिवसांत अंतिम सुनावणी ठेवतात. अंतिम आदेशाला इथे मुदत नसते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी न्यायाधीश त्याला बाहेर राहायला सांगू शकतात. हा आदेश दिवाणी असतो, म्हणजे तो निघाला म्हणून नवरा गुन्हेगार ठरत नाही. त्याने आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. सुनावणीला दुभाषी मागता येतो. सासरच्या माणसाने दुभाषा म्हणून मध्ये बोलू नये, हे कार्यकर्ती पाहते.

घर सोडावंच लागलं तर राहायचं कुठे? ‘मानवी’ने १९९७ मध्ये ‘आशियाना’ नावाचं निवासस्थान सुरू केलं ते यासाठीच. आणीबाणीचं शेल्टर थोड्या दिवसांपुरतं असतं. पण ज्या बाईकडे परवाना नाही, नोकरी नाही, गाडी नाही, तिला उभं राहायला महिने लागतात. या काळात समुपदेशन, इंग्रजी, ड्रायव्हिंग, कॉम्प्युटर, नोकरीचा शोध, मुलांच्या शाळा अशी कामं एकेक करून पार पाडायची असतात. ही कामं दिसायला छोटी आहेत, पण आमच्या त्या मैत्रिणीला स्वतःच्या नावाचं पहिलं बँक खातं उघडल्याचा दिवस लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का लक्षात आहे.

आपण काय करावं, काय करू नये?

आम्ही त्या रात्री जे केलं, त्याच्या बरोबर उलट करावं!

- दोघांना समोरासमोर बसवून ‘मध्यस्थी’ करू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर आपण गेल्यावर तिची धडगत नसते.
- तिने सांगितलेलं त्याच्या कानावर घालू नका. तुमच्या जोडीदाराशिवाय इतर मित्रांनाही सांगू नका. मंडळात बातमी किती वेगाने पसरते हे आपण जाणतोच.
- तिच्यावर विश्वास ठेवा. “पण तो तर किती सज्जन आहे, नाटकात काय सुंदर काम करतो!” हे वाक्य गिळून टाका.
- “तू असं कर” याऐवजी “तुला काय हवंय?” असं विचारा. ती परत गेली तरी रागावू नका, दार उघडं ठेवा.
- भारतातल्या आईवडिलांनी “लेकराला घेऊन सरळ निघून ये” असं सांगणं समजण्यासारखं आहे. पण वकिलाला विचारल्याशिवाय मुलांना घेऊन देश सोडला, तर तिच्यावरच मूल पळवल्याचा आरोप येऊ शकतो. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या हेग कराराचा अमेरिका भाग आहे, भारत नाही. त्यामुळे हे गुंते वर्षानुवर्षं सुटत नाहीत.
- जिवाला धोका दिसत असेल तर ९११. एरवी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते, तिथे दुभाष्याची सोय आहे. नंबर देताना मात्र तिचा फोन कोणी तपासतं का, हे आधी विचारा.

आणि पुरुष मंडळींसाठी, म्हणजे आमच्यातल्या दोघांकडून इतर मित्रांसाठी एक. पार्टीत कोणी बायकोचा अपमान करून हशा मिळवत असेल, तर आपण त्या हशात सामील होऊ नये. त्याला बाजूला घेऊन सांगण्याआधी तिच्या सुरक्षेचा विचार करावा, पण निदान आपण टाळी तरी देऊ नये. त्या टाळीवरूनच तिला कळतं, की मदत मागायला इथे कोणी नाही.

आपल्या देणगीचं काय होतं?

थोडा इतिहास सांगून थांबतो. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्या पुढे दोनेक वर्षं अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गावोगाव भाषणं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई नातू पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्याच आपल्या बाया कर्वे.

म्हणजे ज्यांनी आपला देश कधी पाहिला नव्हता, अशा अमेरिकन लोकांनी आपल्या बायकांसाठी दहा वर्षं वर्गणी दिली. आज आपण त्याच अमेरिकेत राहतो, कमावतो. आपल्याच लेकी-बहिणी इथे अडचणीत असताना आपण एक संध्याकाळ कार्यक्रम करून थांबायचं का?

या कामाला पैसा लागतो तो रोजच्या गोष्टींसाठी. रात्री फोन उचलणाऱ्या कार्यकर्तीचा पगार, घराचं भाडं, वकिलाची आणि इमिग्रेशन अर्जांची फी, कोर्टात जायला गाडी, लेकराचं दूध. सरकारी निधी येतो, पण त्याला अटी असतात आणि तो कधीही आटू शकतो. समाजाने दिलेला पैसा संस्थेला गरजेप्रमाणे वापरता येतो. म्हणून एकरकमी मोठ्या चेकइतकीच दर महिन्याची छोटी रक्कमही मोलाची, कारण तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाचं भाडं ठरवता येतं. आपल्या कंपनीत मॅचिंगची सोय असेल तर तो फॉर्म नक्की भरा. पाच मिनिटांचं काम असतं आणि आपण सगळेच ते विसरतो.

ज्यांना पैसे देणं जमणार नाही, त्यांनी वेळ द्यावा. मराठी बोलणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांची गरज नेहमीच असते. प्रशिक्षण मात्र पूर्ण घ्या. नुसत्या चांगल्या मनाने काय होतं, ते आम्ही स्वतः करून पाहिलंय.

आमची ती मैत्रीण आता नोकरी करते, स्वतःच्या गाडीने फिरते. हा लेख तिला वाचून दाखवला तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली. आम्ही ‘पीडित महिला’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “ते काढा. माझ्यावर अन्याय झाला, पण तेवढीच माझी ओळख नाही.” आम्ही ते सगळीकडून काढलं आहे.

देणगीचा फॉर्म या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. आपण भराल अशी खात्री आहे.

आपले,
मंडळातले चार कार्यकर्ते